एकावन्न हजार दिदी, 753 मालक

नेपाळमध्ये वर्षातून दोनदा, कार्तिकात आणि वैशाखात, पाच वर्षांखालच्या मुलांना जीवनसत्त्व 'अ' पाजतात. शाळेच्या ओट्यावर किंवा कोणाच्या तरी अंगणात एक बाई बसते. जवळ कॅप्सूलची बाटली, छोटी कात्री, जंताच्या गोळ्या आणि वही. कॅप्सूलचं टोक कापायचं आणि थेंब पोराच्या जिभेवर सोडायचे. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला अर्धा डोस, वर्षावरच्याला पूर्ण आणि सोबत जंताची गोळी. मग वही बघून कोण आलं नाही ते काढायचं आणि त्या घरांची वाट धरायची. डोंगरात एका पोरासाठी अर्धा दिवस चढणीत जातो. दहापैकी आठ-नऊ मुलांपर्यंत हे थेंब वर्षानुवर्षं पोचत आले आहेत आणि पोचवणारी बाई सरकारी नोकर नाही. तिला पगारही नाही.

कागदोपत्री ती 'महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका'. गावात मात्र ती 'स्वयंसेविका दिदी'. अशा सुमारे 51 हजार बाया नेपाळभर आहेत. 2015 साली देशाने संघराज्याची नवी राज्यघटना स्वीकारली आणि दोन वर्षांत प्राथमिक आरोग्यसेवा काठमांडूच्या हातून निघून 753 स्थानिक सरकारांच्या हाती गेली. सेवेबरोबर या बायाही गेल्या. त्या हस्तांतरात काय हाती आलं, काय गळून पडलं, याचं हे प्रकरण. आशाताईंच्या मानधनावर दर दोन वर्षांनी भांडणाऱ्या महाराष्ट्राने ते वाचण्यासारखं आहे, असं मला वाटतं.

आधीची घडी

कार्यक्रम सुरू झाला 1988 मध्ये, 27 जिल्ह्यांत. पुढे तो तेव्हाच्या सगळ्या 75 जिल्ह्यांत गेला. निवड करायची गावातल्या आमा समूहाने, म्हणजे आयांच्या गटाने. जिला घराबाहेर पडता येतं, जिच्यावर बायकांचा विश्वास आहे, तिला पुढे करायचं. मग नऊ आणि नऊ असं अठरा दिवसांचं प्रशिक्षण, आणि नंतर घरचं, शेतातलं काम सांभाळून जमेल तसं गावाचं काम. पहिल्या पिढीतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी चित्रांची नोंदवही काढली होती.

यातलं विज्ञानही नेपाळच्याच मातीतलं आहे. सर्लाही जिल्ह्यात जीवनसत्त्व 'अ'ची मोठी चाचणी झाली. मुलांचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटल्याचे तिचे निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाले. जुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यात न्युमोनिया गावातच ओळखून औषध दिलं तर मुलं वाचतात, हेही त्याच सुमारास दिसलं. पुढे हे काम स्वयंसेविकांकडे आलं. एक मिनिटाचा टायमर लावायचा, बाळाच्या छातीकडे बघत श्वास मोजायचे. दोन महिने ते वर्षाच्या आतलं बाळ मिनिटाला 50 किंवा जास्त श्वास घेत असेल, वर्षावरचं 40 किंवा जास्त, तर तो न्युमोनिया समजायचा. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने हे बिनचूक करावं, यावर काठमांडूतल्या डॉक्टरांचा आधी विश्वास नव्हता. बायांनी ते करून दाखवलं.

1996 ते 2006 या माओवादी युद्धाच्या काळात सरकारी माणूस खेड्यात जायला धजत नव्हता, तेव्हाही कॅप्सूल वाटल्या गेल्या. 1996 च्या पाहणीत हजार जन्मांमागे 118 मुलं पाच वर्षांच्या आत दगावत होती. 2016 च्या पाहणीत हा आकडा 39 वर आला, 2022 मध्ये 33 वर. सगळं श्रेय दिदींचं नाही. रस्ते आले, मुली शाळेत गेल्या, परदेशातून पैसा आला. पण दिदींना वगळून हा आकडा कोणी समजावून सांगू शकणार नाही.

आता ज्याकडे सहसा कोणी बघत नाही ते. दिदी एकटी नव्हती. प्रत्येक गाउँ विकास समितीत, म्हणजे 'गाविस'त, नऊ वॉर्ड असत आणि बहुतेक ठिकाणी वॉर्डागणिक एक स्वयंसेविका. त्या नऊ जणींच्या डोक्यावर स्वास्थ्य चौकी किंवा उपचौकीतला एक गाव आरोग्य कार्यकर्ता आणि एक माता-बाल कार्यकर्ती. महिन्यातून एकदा भेट. तिथे वहीतले आकडे उतरवून घ्यायचे, संपलेलं जीवनजल (तिथलं क्षार-साखरेचं पाकीट), लोहाच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या पुन्हा भरून द्यायच्या, अडलेलं सांगायचं-ऐकायचं. वर जिल्हा आरोग्य कार्यालय. माल तिथून यायचा, प्रशिक्षणाची तुकडी तिथे भरायची. घडी जुनाट होती, पैशाने तोकडी होती, पण होती.

वॉर्डाचा नंबर बदलला

नेपाळमध्ये 1997 नंतर स्थानिक निवडणुका झाल्याच नाहीत. पुढच्या झाल्या 2017 मध्ये, तीन टप्प्यांत. मधली वीस वर्षं गाविसचा कारभार सरकारी सचिवाने हाकला. आरोग्य स्थानिक लोकांकडे सोपवायचा प्रयोग 2002 च्या सुमारासही झाला होता. कित्येक उपचौक्या गावसमित्यांकडे दिल्या गेल्या. पण निवडून आलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे समितीचा अध्यक्ष बऱ्याचदा सचिवच. सोपवलं म्हणजे काय केलं, ते चौकीतल्या माणसालाही नीट कळलं नसेल.

2017 चं हस्तांतर मात्र खरं होतं. घटनेच्या आठव्या अनुसूचीने आधारभूत आरोग्य स्थानिक पातळीला दिलं, तर 35 व्या कलमाने ही सेवा मोफत मिळणं हा नागरिकाचा हक्क ठरवला. 6 महानगरपालिका, 11 उपमहानगरपालिका, 276 नगरपालिका आणि 460 गाउँपालिका अशी 753 सरकारं उभी राहिली, त्यांत 6,743 वॉर्ड. जुन्या गाविस मोडून त्यांच्यावर नवे वॉर्ड बसवले. कुठे एका गाविसचा एक वॉर्ड झाला, कुठे दोन मिळून एक.

दिदीच्या बाजूने हे बघा. काल ती अमुक गाविसच्या पाच नंबर वॉर्डाची एकुलती एक स्वयंसेविका होती. आज तिचा पाच नंबर वॉर्ड नकाशावर नाही. ती एका मोठ्या वॉर्डातल्या सात-आठ जणींतली एक आहे. नोंदवहीवरचा वॉर्ड, औषधाच्या मागणीपत्रावरचा वॉर्ड, बाळाच्या जन्मनोंदीवरचा वॉर्ड, सगळे नंबर बदलले. काम तेच, पायवाटा त्याच, आणि ज्याच्याकडे बघून ती काम करायची ते कार्यालय विरघळलं. जिल्हा आरोग्य कार्यालयांचे बरेच अधिकार पालिकांकडे गेले. पुढे प्रांत सरकारांच्या हाताखाली नवी आरोग्य कार्यालयं आली, पण पालिकेवर हुकूम चालवायची सोय त्यांच्याकडे नाही. त्यातच 2018-19 मध्ये 'कर्मचारी समायोजन' झालं. केंद्राचे कर्मचारी केंद्र, प्रांत, पालिका असे वाटले गेले. ज्याला वर्षानुवर्षं दिदी ओळखत होती तो चौकीप्रमुख दुसरीकडे गेला, काही खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

पालिकांनी काय हाती घेतलं

पालिकांनी पुष्कळ केलं, हे आधी कबूल करायला हवं. काठमांडूच्या एका कार्यालयाने पंचाहत्तर जिल्ह्यांचं एकसाची नियोजन करण्यापेक्षा हे बरंच जिवंत निघालं. काही पालिकांनी दिदींना दरमहा प्रोत्साहन भत्ता किंवा फोनखर्च सुरू केला, काहींनी केंद्राच्या पोशाख भत्त्यात आपली भर घातली. 5 डिसेंबरला स्वयंसेविका दिन असतो, त्या दिवशी शाल, सत्कार, भाषणं. बाळंतिणीला कोंबडी, अंडी, तूप घरपोच द्यायच्या योजनाही निघाल्या. त्या मुख्यत्वे उपप्रमुख बायांच्या पुढाकाराने. (पालिकेचे प्रमुख आणि उपप्रमुख, गाउँपालिकेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, यांसाठी एकाच पक्षाने दोन उमेदवार दिले तर त्यांतली एक महिला असलीच पाहिजे, असा नियम आहे. त्यामुळे 2017 मध्ये उपप्रमुखपदी जवळपास सगळीकडे बायाच निवडून आल्या.) बाळंतीण कोणाच्या घरी आहे, कोंबडी कोणाला द्यायची, ही यादी कोण देणार? अर्थात दिदी.

वॉर्डाध्यक्षाला पाच वर्षांनी मतं मागायची असतात. साडी दिसते, भत्ता खात्यात दिसतो, कोंबडी तर ओरडून सांगते. दिदींची संख्या वॉर्डात सात-आठ, पण त्यांचा घरोघरचा वावर बघता त्यांना नाराज करणं कोणालाच परवडत नाही. यात मला गैर काही वाटत नाही. लोकशाहीत स्थानिक सरकार असंच चालतं आणि वीस वर्षं ते नसल्याचे तोटे नेपाळने भोगलेत.

गडबड अशी की दिदीला लागणारा आधार बहुतांशी न दिसणारा आहे, आणि त्याला मतं नाहीत.

प्रशिक्षण घ्या. 51 हजार भागिले 753, म्हणजे पालिकेमागे सरासरी 68 दिदी. त्यांतल्या वर्षाला समजा दोन-तीन वयोमानाने निवृत्त झाल्या, एखादी नवऱ्याबरोबर शहरात गेली. त्यांच्या जागी आलेल्या तिघींसाठी अठरा दिवसांचं प्रशिक्षण कोण भरवणार? पूर्वी जिल्हा सगळ्या गाविसमधल्या नव्या बाया गोळा करून एक तुकडी काढायचा. पालिकेकडे ना प्रशिक्षक, ना तुकडीइतक्या बाया. शेजारच्या चार पालिकांनी मिळून करायचं म्हटलं तर चार अध्यक्ष, चार पक्ष, चार अर्थसंकल्प. मग नवी बाई जुनीच्या मागे फिरून शिकते. श्वास मोजायचा टायमर कसा वापरायचा ते जुनीला येत असलं तर नवीला येतं.

दुसरं, देखरेख. जुने गाव आरोग्य कार्यकर्ते आणि माता-बाल कार्यकर्त्या बढत्या मिळून चौकीत बसून तपासणाऱ्या पदांवर गेल्या होत्या, हे संघराज्य यायच्या आधीचंच. त्यांच्या जागी चालत फिरणारं कोणी आलं नाही. पालिकेच्या स्वास्थ्य शाखेत दोन-तीन माणसं. त्यांच्यावर लसीकरणाचा अहवाल, औषध खरेदीची निविदा, नव्या इमारतीचं उद्घाटन, शिवाय अध्यक्षांच्या फोनला उत्तर. प्रत्यक्ष गावात जाऊन दिदीची वही बघायचं काम यादीत सगळ्यात खाली सरकतं.

तिसरं, माल. औषध खरेदी पालिकांकडे आली आणि पालिकांनी ती हौसेने केली. एकीकडे गोळ्यांचा ढीग, दुसरीकडे खडखडाट, असा अनुभव बऱ्याच ठिकाणी आला, कारण किती लागतं याचा अंदाज बांधणारं माणूस पालिकेत नव्हतं. दिदीच्या झोळीतलं जीवनजल संपलं, तर दर महिन्याला मिळण्याची जी खात्री होती ती गेली. ज्या घरात तिने मागच्या वेळी 'संपलंय' म्हणून सांगितलं, त्या घरातली सासू पुढच्या वेळी थेट औषधाच्या दुकानात पाठवते. दिदीची पत झोळीत असते. भत्ता वाढवून ती परत येत नाही.

आणि पैशाचा रंग. पालिकेला केंद्राकडून आरोग्यासाठी येणारा पैसा बहुतांशी 'सशर्त अनुदान', म्हणजे कशावर खर्चायचा ते आधीच लिहून आलेला. दिदींचा पोशाख भत्ता आणि मोहिमांचा खर्च त्यातच. पालिका म्हणते, धोरण केंद्राचं, आम्ही फक्त वाटप करतो. केंद्र म्हणतं, आरोग्य आता पालिकेचं. दोघंही घटनेचं पान दाखवतात आणि दोघांचंही पान बरोबर असतं.

काम बदललं, कामाची यादी नाही

2006 मध्ये नेपाळात शंभरातली 18 बाळंतपणं दवाखान्यात होत होती, 2016 मध्ये 57, 2022 मध्ये 79. घरी बाळंत होणारीला रक्तस्राव थांबवणारी गोळी (तिथे तिला 'मातृ सुरक्षा चक्की' म्हणतात) देणं आणि बाळाच्या नाळेला मलम लावणं हे दिदीचं मोठं काम होतं, ते आपोआप आटत चाललंय. न्युमोनियाची प्रतिजैविकंही 2015 च्या आसपास तिच्या हातून काढून चौकीकडे दिली गेली. तिने आता ओळखायचं आणि पाठवायचं. उलट गावात रक्तदाब, मधुमेह, एकटे राहिलेले म्हातारे वाढलेत. तरणे पुरुष आखातात, मलेशियात किंवा भारतात.

पश्चिमेकडच्या अछाम, डोटी, बझाङचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला येतात. रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला असलेला नेपाळी गडी आपल्याला माहीत आहे. त्याच्या घरी गरोदर बायको असेल तर तिचा पत्ता पहिल्यांदा दिदीच्या वहीत चढतो. मुंबईहून परतलेल्यांमार्फत एचआयव्ही या डोंगरांत पोचला, तेव्हा घराघरांत जपून तो विषय काढायची पाळीही तिच्यावर आली. 2020 च्या टाळेबंदीत भारतातून परतलेल्यांचे लोंढे सीमेवर आले. पालिकांनी शाळांत विलगीकरण केंद्रं उघडली आणि वॉर्डात कोण आलं, कोणाला ताप आहे, ही खबर पुन्हा दिदींनीच दिली. ते पालिकांचं पहिलं मोठं आरोग्यसंकट होतं. त्या वर्षी बऱ्याच अध्यक्षांना आपल्या दिदी कोण, कुठे आहेत, हे पहिल्यांदा कळलं असावं.

आता या बाईचं काम काय, हे नव्याने लिहायला हवं होतं. ते पालिकेगणिक आपापलं ठरतंय. कुठे ती रक्तदाबाचं यंत्र घेऊन फिरते, कुठे फक्त याद्या देते, कुठे सभेला बायका जमवते. शेवटचं काम मला सगळ्यात घातक वाटतं. एका पक्षाच्या सभेला बायका जमवणाऱ्या दिदीकडे दुसऱ्या पक्षाच्या घरातली सून गर्भनिरोधकाची गोळी मागायला जाणार नाही. काही दिदी 2017 मध्ये वॉर्ड सदस्य म्हणून निवडूनही आल्या. त्यांचा हक्कच तो. पण सदस्यपद आणि झोळी दोन्ही एकीकडेच राहिली तर पंचाईत होते.

पगार द्यायचा की नाही

हा वाद नेपाळात जुना आहे. एक बाजू म्हणते, हिला पगार दिला की ती नोकर होते, आमा समूहाने निवडलेली राहत नाही. दुसरी बाजू, त्यात दिदींच्या संघटनाही आल्या, विचारते की देशाची बालमृत्यूची आकडेवारी फुकटात का सुधारायची. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण पहिलीत थोडं तथ्य आहे हे मुंबईच्या एका अनुभवावरून मान्य करतो. नेपाळच्या मकवानपूरमध्ये आयांच्या गटांनी दर महिन्याला बसून अडचणी मांडल्या, उपाय शोधले, आणि नवजात मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले, असं 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. तीच पद्धत मुंबईच्या झोपडवस्त्यांत नेली, तर 2012 मध्ये आलेल्या निष्कर्षांत तसा फरक आढळला नाही. कारणं अनेक असतील; शहरात दवाखाना जवळ असतो आणि शेजार विस्कळीत. तेव्हा गटाचं बळ गावच्या घडीत आहे, ते पगाराच्या चिठ्ठीने येत नाही, हे खरं.

पण त्यावरून पगार नको असं निघत नाही. अछाममध्ये बायलपाटा रुग्णालय चालवणाऱ्या न्याय हेल्थ नेपाळ या संस्थेने पूर्णवेळ पगारी कार्यकर्त्या नेमल्या, त्यांच्यावर देखरेखीला परिचारिका ठेवल्या आणि हातात मोबाइलवरची नोंदवही दिली. त्या बायांचा गावाशी संबंध तुटला नाही. त्यात पगाराइतकीच महत्त्वाची आहे ती परिचारिका, जी नियमितपणे सोबत घरोघर जाते. पालिका भत्ता सुरू करतात तेव्हा हा अर्धा भाग विसरतात.

आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रं 1962 पासून जिल्हा परिषदेकडे आहेत, म्हणजे हस्तांतर आपण साठ वर्षांपूर्वीच उरकलं. तरी आशाताईचा मोबदला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, वाढ राज्याकडे मागावी लागते (2023 च्या संपानंतर राज्याने दरमहा 5 हजारांची वाढ दिली) आणि तिच्या रोजच्या अडचणी जिल्हा परिषदेच्या केंद्रावर सुटतात किंवा सुटत नाहीत. नेपाळसारखेच तीन धनी. फरक एवढाच की आपल्याकडे मध्ये गटप्रवर्तक आहे. वीस-पंचवीस आशांची वही बघणारी, अडलं तर धावणारी ही बाई स्वतः तुटपुंज्या मोबदल्यावर राबते आणि संपाच्या बातम्यांत तिचं नाव दुसऱ्या ओळीत येतं. नेपाळने जे गमावलं ते पद आपल्याकडे आहे. ते टिकवायचं असेल तर आशांच्या वाढीबरोबर तिचा प्रवासखर्च आणि वेतन आधी बघायला हवं.

नेपाळच्या पालिकांपुढे सध्या एक छोटा, किचकट निर्णय आहे. नियमाप्रमाणे साठीला दिदीला निरोप द्यायचा असतो. पहिल्या पिढीतल्या बऱ्याच जणी साठ ओलांडून गेल्या आहेत किंवा उंबरठ्यावर आहेत. काही पालिका निरोपाची रक्कम देऊन मोकळ्या होतात आणि जागा भरत नाहीत, कारण दवाखाने वाढले, रस्ते झाले. काही पालिका म्हातारीलाच ठेवतात, कारण तरणी मिळत नाही. बारावी झालेली सून म्हणते, एवढ्या कामाचे पैसे काय? मला वाटतं, सरसकट भरू नये आणि सरसकट मोडूही नये. चौकीपासून तासाभराच्या चालीपलीकडच्या वस्त्या आधी मोजाव्यात आणि तिथली जागा एक दिवसही रिकामी ठेवू नये. शेजारच्या पालिकांनी प्रशिक्षणाची तुकडी मिळून काढावी आणि तिचा खर्च प्रांताने उचलावा, म्हणजे चार अध्यक्षांचं एकमत व्हायची वाट बघावी लागणार नाही. चौकीतल्या एका कर्मचाऱ्याच्या कामाच्या यादीत महिन्याचे चार दिवस फक्त दिदींसाठी लिहून द्यावेत आणि त्या दिवसांचा प्रवासभत्ता वेगळ्या शीर्षाखाली ठेवावा. तसा नसेल तर तो पहिल्या तिमाहीतच दुसरीकडे वळतो.

भत्त्याचा आकडा किती, हा प्रश्न त्यानंतर. तो 753 ठिकाणी 753 असू नये. केंद्राने किमान रक्कम बांधून द्यावी, वर पालिकेने हवी तेवढी भर घालावी.